थंड डब्यातलं पोर्क

पोर्क म्हटलं की आपल्या विंगमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक नाक मुरडणारी, दुसरी ‘अजून आहे का रे?’ विचारणारी. ज्यांना धर्माने किंवा मनाने चालत नाही, त्यांच्याशी माझा वाद नाहीच. पण ‘शिळं, गार पोर्क म्हणजे नुसती चरबी, त्यात कसलं पोषण?’ असं कोणी ठणकावलं की माझ्यातला मेकॅनिकलवाला जागा होतो.

माझा रूम पार्टनर मडगावचा. सुट्टीनंतर येताना त्याची आई सोरपोतेल देते. डुकराचं मांस, काळीज, मसाला आणि व्हिनेगर. फ्रीझरमध्ये दगड झालेला स्टीलचा डबा, वर वर्तमानपत्राचे चार थर. सकाळी रूमवर पोचतो तेव्हाही मध्ये बर्फ असतो. संकट इथून पुढे. मेस शाकाहारी, त्यामुळे तिथला फ्रीज बंद. रूमवर हॉटप्लेट सापडली तर दंड. म्हणजे ठेवायचंही नाही आणि गरमही करायचं नाही! मग बर्फ सुटला की पहिल्या लेक्चरच्या आधी आम्ही चौघं पावाबरोबर ते थंडच संपवतो.

वर पांढरा थर असतो. नवखा तो बघूनच पळतो. पण हा साधा फेज चेंज आहे मित्रांनो, थर्मोतला! डुकराची चरबी साधारण ३० ते ४० अंशांत वितळते, आणि तोंडात ३७ अंश असतातच. ग्रॅमला ९ कॅलरी, गरम असो वा गार. उलट वजनाची काळजी असणाऱ्याला सोयच, गोठलेला थर चमच्याने उचलून टाकता येतो.

प्रथिनंही गार झाल्याने कुठे जात नाहीत. कमी चरबीच्या शिजलेल्या शंभर ग्रॅम तुकड्यात ती २५ ग्रॅमच्या आसपास असतात. पण खरी गंमत थायमिनची, म्हणजे बी-१ ची. दिवसाची गरज सव्वा-दीड मिलिग्रॅम, आणि एवढ्या तुकड्यात अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त मिळतं. चिकन-मटण इथे बरंच मागे. मेसच्या पांढऱ्या भातात तर ते फारच कमी. १८९० च्या दशकात जावामध्ये आइकमान या डच डॉक्टरने पॉलिश तांदळाच्या भातावर लुळ्या पडलेल्या कोंबड्या पाहिल्या. त्या कामाला १९२९ चं नोबेल मिळालं. थायमिन पाण्यात उतरतं आणि उष्णतेने नासतं, म्हणून रस्सा टाकू नये आणि तेच ते चार वेळा उकळू नये.

धोका गारपणात नाही, मधल्या तासांत आहे. ५ ते ६० अंशांत जीवाणूंची चंगळ असते. शिजलेलं मांस दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर सरळ टाकावं, कारण काही जीवाणूंचं विष उकळूनही जात नाही. फ्रीजमध्ये ४ अंशांवर तीन-चार दिवस ठीक. व्हिनेगरमुळे सोरपोतेल मुरतं, दुसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतं, हे खरं. पण व्हिनेगर म्हणजे फ्रीज नव्हे, आणि एप्रिलमधल्या आपल्या रूमवर तर नाहीच नाही.

म्हणून आम्ही रेक्टर सरांकडे अर्ज दिलाय. कॉमन रूममध्ये एक छोटा फ्रीज, डब्यांवर रूम नंबर, मांसाहाराला खालचा वेगळा कप्पा. सर म्हणाले, “वीजबिल कोण भरणार?” आम्ही तेवीस सह्या पुढे केल्या. त्यातले सात शाकाहारी आहेत, त्यांना दही ठेवायचंय.