आई, छातीत बेडूक उड्या मारतोय!

पी.टी.चा तास टाळायला मुलं काय काय कारणं काढतात, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून माझी आठ वर्षांची लेक शाळेतून येऊन म्हणाली, "आई, छातीत बेडूक उड्या मारतोय," तेव्हा मी हसले आणि पोह्यांची बशी पुढे केली. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाली. मी पुन्हा हसले.

तिसऱ्यांदा ती मल्लेश्वरममधल्या आमच्या घराच्या जिन्यातच मटकन बसली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मनगट धरलं, तर नाडी मोजता येईना, इतकी पळत होती.

खरं तर मी सावध असायला हवं होतं. तिला जन्मतःच हृदयाचा दोष होता, 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो'. अकराव्या महिन्यात इथेच बंगळुरूत ऑपरेशन झालं. छिद्र बुजलं, फुप्फुसांकडे जाणारी वाट मोकळी झाली. कोल्हापूरला जाऊन अंबाबाईची ओटी भरली आणि मनातून विषय मिटवला. पुढे 'छान खेळतेय की' म्हणत दोन वर्षं तपासणीही चुकवली.

डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी समजावलं. हृदयाचे ठोके विजेच्या बारीक प्रवाहावर चालतात. टाके पडतात तिथे व्रण राहतो. वीज त्याला वळसा घालते आणि कधी त्याच वळशात गोल गोल फिरत राहते. मग ठोके सुसाट धावतात. काही मुलांत उलटं होतं. छिद्राच्या कडेने जाणारी विजेची वाट दुखावते, ठोके मंदावतात आणि पेसमेकर लागू शकतो. हे ऑपरेशननंतर लगेच होतं किंवा कित्येक वर्षांनीही. ऑपरेशन चुकलं, असा त्याचा अर्थ नव्हे.

ईसीजी काढेपर्यंत ठोके शांत झाले होते. म्हणून २४ तास छातीला होल्टर यंत्र लावलं. त्यात बेडूक सापडला! आता रोज औषध चालू आहे.

तुमच्या बाळाच्याही हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, तर एवढं लक्षात ठेवा. तान्हं बाळ सांगू शकत नाही. ते दूध पिताना दमतं, घामाघूम होतं, फिकट पडतं. मोठी मुलं धडधड, चक्कर, छातीत दुखणं सांगतात, पण त्यांच्या शब्दांत. खेळताना शुद्ध हरपली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. नाडी पूर्ण १ मिनिट मोजायला शिका. श्वासाबरोबर ठोके किंचित कमीजास्त होणं मुलांत नेहमीचंच, त्याला घाबरू नका.

खर्चाची चिंता असेल, तर बंगळुरूत सरकारी जयदेव हृद्रोग संस्था आहे. व्हाइटफील्डचं सत्य साई रुग्णालय २००१ पासून मोफत उपचार करतं. महाराष्ट्रात पालघरहून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. तिथेही विचारा.

लेक आता डॉक्टरांच्या परवानगीने पी.टी.ला जाते. बाईंनाही सगळं सांगून ठेवलंय. संध्याकाळी दारातच मी विचारते, "बेडूक काय म्हणतोय?"

"झोपलाय," ती म्हणते. तरी मी मनगट हातात घेतेच.

तुमची तपासणी राहिली असेल, तर आजच तारीख घ्या.