साका गेला कुठे?

रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत, तिच्या काठाने कुंडलिका आणि पुढे रेवदंड्याची खाडी. या वाटेने वसाहतीच्या सांडपाण्यातलं विरघळलेलं जस्त कसं जाईल, हे संगणकावर मांडणं तसं अवघड नाही. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून मुळशीचं पाणी या नदीत सोडतंय; पाणी सुटलं की नदी चढते, थांबलं की उतरते. हेसुद्धा समीकरणात बसवता येतं. घोडं अडतं ते साक्यापाशी.

चुना घालून सांडपाण्याचा सामू ९-९.५ पर्यंत नेला की जस्ताच्या हायड्रॉक्साइडचा पांढरट साका धरतो. नवशिका इथे एक ओळ लिहून मोकळा होतो: विद्राव्यतेच्या वर जे असेल ते वजा करा. आलेख देखणा येतो, नदी कागदावर स्वच्छ होते. पण वजा केलेलं जस्त गेलं कुठे, याचा प्रोग्रॅममध्ये पत्ताच नसतो.

फ्रीक-सीसारखा रसायनाचा प्रोग्रॅम याच्या अगदी उलट वागतो. साका जिथे धरला, गणितातल्या त्याच कप्प्यात तो धरून ठेवतो आणि कमी सामूचं पाणी आलं की पुन्हा विरघळवतो. नदीच्या तळाला हे शोभतं. प्रक्रिया केंद्रातल्या टाकीला मात्र नाही, कारण तिथला गाळ खालून उपसला जातो. म्हणून टाकीच्या कप्प्यातून दर टप्प्याला किती साका बाहेर काढला, हे मी वेगळं लिहायला लावतो. नाहीतर पंपाने कधीच उपसलेलं जस्त टाकीतल्या पाण्यात परत उतरतं!

नदीत उपसणारं कोणी नसतं. १० मायक्रॉनचा मातीचा कण शांत पाण्यात मीटरभर खाली जायला तीनेक तास घेतो. धातूचा भुसभुशीत साका त्याहून हलका. तेवढ्यात ओहोटी त्याला कुठच्या कुठे नेते. बसलाच, तर पावसाळ्यातला पहिला लोंढा उकरून काढतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात कॅडमियमसारखा धातू क्लोराइडशी जोडी जमवून गाळातून सुटतो, तो हिशेब आणखी निराळा. तेव्हा नदीसाठी मी दोन खाती ठेवतो, पाण्याचं आणि तळाचं. दोहोंची बेरीज आत आलेल्या वजा खाडीतून समुद्रात गेलेल्या जस्ताइतकी भरली नाही, तर निकाल कोणाला दाखवत नाही.

पेणच्या प्लास्टरच्या गणेशमूर्तीचं घरी विसर्जन करताना तर हीच सगळी गोष्ट बादलीभर पाण्यात घडते. मूर्ती म्हणजे कॅल्शियम सल्फेट. लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळणारं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, ते खत म्हणून झाडांना चालतं. खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं. मग घरातलंच कोणीतरी बादली कलती करून पाणी निथळतं आणि तळाचा साका खरवडून काढतं. माझ्या मते प्रदूषक ‘काढला’ असं म्हणायचा हक्क या खरवडण्यानंतरच मिळतो.

तुमच्या गावच्या प्रकल्पाचा अहवाल हाती आला आणि त्यात ‘अवक्षेपाद्वारे निष्कासन’ असा रकाना दिसला, तर जनसुनावणीत एवढंच विचारा: तो गाळ कोणी उचलला, आणि तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात पोचल्याची पावती कुठे आहे?