नाकांतील दोन नाड्या

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय आम्ही कित्येक वर्षें वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत आलों. तुटलेल्या नाकाच्या मापाचें झाडाचें पान घ्यावें, त्या मापानें गालाचें मांस कापून नासिकाग्रीं बसवावें व शिवावें, हें सांगतांना आमचा स्वर चढत असे. त्यापुढें नाकांत दोन नाड्या, म्हणजे नळ्या, घालाव्या असें सांगितलें आहे. तेवढें मात्र आम्ही घाईनें उरकीत असूं. त्या नळ्यांचा अर्थ आम्हांस घरांतल्याच एका नाकानें शिकविला, आणि तोहि उशिरां.

२०२१ च्या जुलईंत महाडास सावित्रीचा महापूर आला. पाणी ओसरल्यावर माजघरांतील चिखल काढतांना एक लांकडी फडताळ कलंडून आमच्या पुतण्याच्या नाकावर आदळलें. रक्त थांबलें, सूज उतरली, नाक किंचित् बसकें राहिलें. पण श्वास कांहीं मोकळा होईना. नोकरीनिमित्त तो रोज पोलादपुरास जातो. तेथून एकदां मित्रांसह आंबेनळी घाटांत पायीं निघाला, तों चार वळणांतच तोंड उघडून धापा टाकूं लागला. रात्रीं घसा कोरडा पडून दोनतीनदां उठे. तुपाचें नस्य झालें, वाफ झाली, बाजारचे थेंब झाले. शेवटीं मुंबईच्या एका शल्यवैद्यांनीं शस्त्रक्रिया सुचविली, तेव्हां मोडता घातला तो आम्हीच. लग्नाच्या वयाच्या मुलास नाक सुबक करून घ्यावयाचें आहे, अशी आमची खात्री झाली होती.

"तात्या, नाक कसें दिसतें याचें मला कांहीं नाहीं, मला रात्रभर झोंप हवी," असें तो म्हणाला. तरी आमच्या हट्टापायीं दोन वर्षें गेलीं.

पुढें आम्ही स्वतःच त्याच्याबरोबर गेलों. वैद्यांनीं बोटानें त्याचा गाल हलकेच बाहेरच्या बाजूस ओढला व श्वास घ्यावयास सांगितलें. मुलाचे डोळेच विस्फारले! नाक कफानें चोंदलें नव्हतें. आंतली झडप मिटत होती. नाकाचा मधला पडदा आणि बाजूची वरची कूर्चा यांच्यामध्यें अवघा १० ते १५ अंशांचा कोन असतो, व नाकाच्या मार्गांतील सर्वांत अरुंद जागा तीच. तेथून वारा वेगानें जाऊं लागला कीं दाब उतरतो, आणि बाजूची भिंत दुबळी असेल तर ती आंत ओढली जाते. जितक्या जोरानें श्वास घ्यावा तितकें दार अधिक मिटतें. मिंक नांवाच्या डच वैद्यानें १९०३ सालीं या जागेस झडप म्हटलें. तेथें कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवून कोन रुंद करण्याची रीत अमेरिकेंतील शीन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केली. कूर्चा रोग्याचीच घेतात. पडद्यांतील, कानाची, क्वचित् बरगडीची.

घरीं आल्यावर आम्हीं पुण्याची जुनी हकीगत पुन्हां काढली. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षभरानें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें कपाळाची कातडी उतरवून त्यास नवें नाक दिलें. ती हकीगत ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें छापली गेली, व पुढें १८१४ सालीं कार्प्यू यांनीं लंडनांत ती क्रिया करून दाखविली. एवढें आम्ही मुलांस नेहमीं सांगत असूं. पण त्याच हकीगतींत असेंहि आहे कीं, जोड काताच्या लेपानें धरवीत (आपल्या पानाच्या डब्यांतला तोच कात!) आणि दहाव्या दिवशीं नाकपुड्या उघड्या राहाव्या म्हणून मऊ कापडाचे बोळे आंत घालीत. त्या कारागिराचें नांवहि कोणी लिहून ठेविलें नाहीं; पण नाक प्रथम श्वासासाठीं आहे हें त्यास पक्कें ठाऊक होतें. आम्हांस नव्हतें.

शस्त्रक्रिया २०२३ च्या डिसेंबरांत झाली. सूज पुरती ओसरावयास वर्ष लागेल असें वैद्यांनीं आधींच बजाविलें होतें. बहुतेकांस आराम पडतो, कांहींस पुन्हां शस्त्र लावावें लागतें, हेंहि लपविलें नाहीं. गुण मोजण्यासाठीं २००४ सालीं अमेरिकेंत तयार झालेली पांच प्रश्नांची एक परीक्षा आहे. उत्तरें रोग्यानेंच द्यावयाचीं, आणि शंभरांत जितके गुण कमी तितकें नाक चांगलें! जन्मभर पेपर तपासलेल्या आम्हांस हें उलटें गणित पचावयास वेळ लागला. मुलाचे आधीं ८० होते, वर्षानें २५ झाले. आतां तो तोंड मिटून झोंपतो. नाक पूर्वीपेक्षां थोडें रुंद दिसतें, आणि आमच्या भावजयबाई तें अजून दर सणास बोलून दाखवितात.

उजवी बाजू मात्र पडसें आलें कीं अद्याप मिटते. गेल्या महिन्यांत त्यानें पुन्हां शस्त्रक्रियेविषयीं आम्हांस विचारलें. सुश्रुतानेंहि जखम भरल्यावर नाक उणें राहिल्यास वाढवावें, मांस अधिक झाल्यास समान करावें असें सांगितलें आहे. पहिल्याच खेपेस सर्व साधतें असें तो म्हणत नाहीं. आम्हीं मुलास सांगितलें, "वैद्यांस विचारून ये. ते म्हणतील तसें कर. या वेळीं आम्ही मध्यें पडणार नाहीं."