इंजिनाचं पाणी

वाफेवरच्या खेळण्यातल्या इंजिनाला सगळ्यात आधी काय लागतं, असं विचारलं तर बहुतेक जण विस्तव म्हणतील. मी पाणी म्हणेन. विस्तव कुठलाही चालतो, पाणी कुठलंही चालत नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाघोलीसारख्या गावात वाढलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

मामा जहाजावर इंजिन रूममध्ये ऑइलर होता. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या एका फेरीवरून त्याने मॅमॉडचं ट्रॅक्शन इंजिन आणलं आणि भावाला न देता मला दिलं. हिरवं अंग, तांबड्या आऱ्यांची चाकं, वर पितळी बॉयलर; लांबी वितीपेक्षा थोडी जास्त. ज्योफ्री मॅलिन्सने 1937 साली बर्मिंगहॅममध्ये हा कारखाना काढला, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की पेट्रोमॅक्स पेटवायला घरात असायचं तेच स्पिरिट खालच्या दिव्यात घातलं, की थोड्या वेळात चाक फिरायला लागतं.

त्याचा सिलिंडर मला अजूनही बघत बसावासा वाटतो. तो एका जागी घट्ट बसवलेला नाही, डुलतो. एका बाजूला झुकला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं आणि वाफ आत शिरते. दुसऱ्या बाजूला झुकला की तीच वाफ बाहेर पडते. वेगळा व्हॉल्व्ह नाही. पितळेचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग, त्यांना एकमेकांवर दाबून धरणारी एक स्प्रिंग आणि मध्ये तेलाचा पापुद्रा, एवढ्यावर सगळा कारभार. म्हणून तेलाची निवड महत्त्वाची. शिलाई मशीनचं पातळ तेल वाफेबरोबर धुऊन जातं. इथे दाट स्टीम ऑइलच हवं. मामा दोन बोटांत थेंब चोळून बघायचा आणि म्हणायचा, "ताई, हे चिकटून राहिलं पाहिजे गं, पळून जाता कामा नये."

बॉयलर पाऊण भरायचा. स्पिरिट इतकंच घालायचं, की पाणी संपायच्या आधी दिवा विझावा. कोरडा बॉयलर तापला की डाख वितळतो आणि सांधे सुटतात. मोठ्या रेल्वे इंजिनात फायरबॉक्सच्या छताला यासाठी शिशाचा प्लग असे. पाणी खाली गेलं की शिसं वितळायचं, वाफ आगीवर सुटायची आणि फायरमनला इशारा मिळायचा. माझ्या इंजिनाला असा रखवालदार नाही, डोळा मलाच ठेवावा लागतो.

ऐंशीच्या दशकात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होत गेलं. बैलाच्या रहाटांची जागा डिझेल इंजिनांनी आणि विजेच्या पंपांनी घेतली होती, वर टँकर भरून पाणी शहराकडे जात होतं. वाळूखालचं गोडं पाणी उपसलं, की खाडीसमुद्राचं खारं आत सरकतं. आजीला ते आमटीच्या चवीत कळलं, मला बॉयलरमध्ये. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून आत बॅटरी मारली तर तळाला पांढरा थर. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्याने तो सोडवावा लागला. मामाला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जहाज समुद्रात असतं, पण बॉयलरला समुद्राचं पाणी कधी देत नाहीत. आम्ही ते आधी उकळून, वाफ धरून गोडं करून घेतो."

तेव्हापासून माझ्या इंजिनाला पावसाचं पाणी. पहिल्या सरी सोडून द्यायच्या, श्रावणात अंगणात उघडं पातेलं ठेवायचं, फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरायचं. आमच्या शेतातल्या बावखलाचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणीही गोडं, पण त्यात शेवाळ. ते बॉयलरला नको. मात्र ही बावखलं पावसाचं पाणी धरून विहिरींत मुरवत. त्यांतली किती तरी भराव घालून बुजवली गेली, याचा मला राग आहे आणि तो कमी होऊ नये असं वाटतं. आज नळाला सूर्या धरणाचं पाणी येतं म्हणून विहीर विसरायची, हे मला पटत नाही.

असं इंजिन शोकेसमध्ये ठेवणारे लोक भेटतात. रोज ब्रासोने चकचकीत करतात, चालवत मात्र नाहीत. घासून घासून पितळ झिजतं, आतलं तेल चिकट होतं, स्प्रिंग गंजते. वर्षातून काही वेळा तरी ते पेटवायला हवं. चालवून झालं, की गरम असतानाच उरलेलं पाणी झटकून काढायचं; उरलेल्या उष्णतेने बॉयलर आतून कोरडा होतो. मग कपड्याने पुसून तेलाचं बोट फिरवायचं.

आता नातीचे हात शिकताहेत. पेटवायच्या आधी सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी ओढून स्प्रिंग मोकळी आहे का बघायची, हे तिने पाठ केलंय. परवा तिलाच दिसलं, की व्हॉल्व्हखालचा फायबरचा वॉशर कडक होऊन चिरलाय. प्लंबरच्या सामानाच्या दुकानातून फायबरचा तुकडा आणून मामाच्या जुन्या पंचने नवा कापायचा आहे. तो बसेपर्यंत इंजिन पेटवायचं नाही, असं तिनेच मला बजावलंय.