पिवळी पिन

दिवाळीच्या आवराआवरीत टीव्हीचं कपाट भिंतीपासून हातभर ओढलं, की त्यामागे शिरायचं काम माझं. दातांत बॅटरी धरलेली, एक गाल भिंतीला टेकलेला. पुढून चकचकीत दिसणाऱ्या यंत्रांचा खरा संसार पाठीमागे चालतो, धुळीत, कोळिष्टकांत आणि वायरींच्या गुंत्यात. डीव्हीडी प्लेअरमधून तीन वायरी रिसीव्हरकडे जातात. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. रिसीव्हर म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली काकू. सगळं आधी तिच्या हाती, मग वाटणी. आवाज स्पीकरना, आणि चित्र ‘मॉनिटर आउट’मधून दुसऱ्या पिवळ्या वायरीनं टीव्हीकडे.

पहिल्यांदा ही जोडाजोड केली, तेव्हा अंधारात पिवळी पिन पांढऱ्या भोकात गेली. लावली होती ताईच्या लग्नाची डीव्हीडी. पडदा काळाच, आणि स्पीकरमधून घूंऽऽऽ.

‘‘हे काय भुंगे सोडलेस रे घरात?’’ आई म्हणाली.

पिन उपटणार, तेवढ्यात भुंग्याचा सूर बदलला. जरा वेळानं पुन्हा बदलला. मग उमगलं, आपण चित्र ऐकतोय! आपल्याकडच्या पाल पद्धतीत पडदा सेकंदाला 50 वेळा वरून खाली आखला जातो. अर्धं चित्र एकदा, उरलेलं अर्धं पुढच्या खेपेला. स्पीकरला त्यातलं काय कळणार? तो बिचारा ती 50ची लय घुमवत बसतो. दृश्य उजळलं की घूं निराळं, काळवंडलं की निराळं. फोटोग्राफरनं मंगलाष्टकांवर सिनेमाचं गाणं चढवून ठेवलं होतं. त्यापेक्षा हा भुंगा मला जास्त प्रामाणिक वाटला.

आता एचडीएमआय. 2002 साली आलेली ही चपटी पिन, पोटात 19 काड्या, चित्र-आवाज एकाच वायरीत. भलत्या भोकात शिरतच नाही. (पहिल्या खेपेला उलटी मात्र हमखास धरली जाते.)

यंदा जुना प्लेअर भंगारात द्यायचं ठरलं. देण्याआधी एकदा जोडला आणि मुद्दाम पिवळी पिन पांढऱ्या भोकात बसवली. काळ्या पडद्यासमोर मांडी घालून बसलो. घूंऽऽऽ... बराच वेळ तोच सूर, मग एकाएकी पालटला. अंतरपाट खाली झाला असावा.

‘‘पिन चुकलीय रे!’’ स्वयंपाकघरातून आई ओरडली.