आईवाचूनची दृश्ये

बीड जिल्ह्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी लघुपट करायला घेतला. नायिका त्याची आईच. उसन्या कॅमेऱ्यावर निम्मे चित्रीकरण झाले आणि दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक दारात आला. उचल घेतलेली, आईवडिलांचा ‘कोयता’ ऊसतोडीला गेला. प्रकल्प फेब्रुवारीत द्यायचा, आई परतणार चैत्रात.

संहिता बदलायला तो तयार नव्हता. आईची उरलेली दृश्ये त्याने आईवाचूनच घेतली: थंड चूल, कुलूप, रिकामी दोरी. संवाद तिने फडातून मोबाइलवर म्हटले. मागे ऊस तोडल्याचा आवाज. बहिःस्थ परीक्षकांनी ‘ध्वनी सदोष’ असा शेरा मारला. (परीक्षक साहित्याचेच, हे विशेष!) त्या आवाजाखेरीज हा लघुपट मला कल्पिता येत नाही. आईने तो मे महिन्यात पाहिला. म्हणाली, “कुलूप नवं घेतलंस व्हय रं?”