छत्तिसावा दात

मैत्रिणींनो, तोंडात दात किती, असं कुणी विचारलं तर तुम्ही झटकन ‘बत्तीस’ म्हणाल. मीही तेच म्हणत होते. म्हणूनच दवाखान्यातल्या पहिल्या दिवशी डॉक्टरबाई पेशंटच्या तोंडात आरसा घालून म्हणाल्या, ‘‘लिहा, थ्री-सिक्स,’’ तेव्हा मी पेन हातात धरून नुसती उभी राहिले. बत्तीस दातांच्या तोंडात हा छत्तिसावा आला कुठून?

ही गोष्ट २०११ सालची. आम्ही पिंपळगाव राजाचे. कोरडवाहू शेती आणि यांचं छोटंसं दुकान. मुलगी तिसरीत गेली आणि वह्या-पुस्तकांचा खर्च डोळ्यांवर येऊ लागला. खामगावला एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस बाई हवी आहे, असं कानावर आलं. मी बारावी झालेली. हे म्हणाले, ‘‘जा, पण तिथलं इंग्रजी झेपेल का तुला?’’ मी म्हटलं, ‘‘झेपवीन.’’ बोलायला काय जातं हो!

आमच्या वेळी ए-बी-सी-डीची ओळख पाचवीत व्हायची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली, म्हणजे माझ्या लेकीला माझ्यापेक्षा चार वर्षं आधी. तेव्हा तीच माझी मास्तरीण झाली. वाणसामानाच्या वहीची मागची पानं मी दातांना दिली. पुढून तूरडाळ दोन किलो, मागून ‘एक्स्ट्रॅक्शन म्हणजे दात काढणे’. रात्री भाकऱ्या थापताना मी शब्द पाठ करायची आणि लेक चुका काढायची. सासूबाई म्हणायच्या, ‘‘काय वं, चुलीपाशी कोनता मंतर म्हनून रायली?’’

थ्री-सिक्सचं कोडं डॉक्टरबाईंनीच सोडवलं. तोंडाचे चार भाग करायचे. पेशंटची वरची उजवी बाजू एक नंबर, वरची डावी दोन, खालची डावी तीन, खालची उजवी चार. समोर उभं राहून पाहिलं तर अगदी प्रदक्षिणाच. मग मधल्या रेषेपासून मागं एक ते आठ मोजायचे. थ्री-सिक्स म्हणजे खालच्या डाव्या बाजूचा सहावा दात, म्हणजे पहिली मोठी दाढ. लहान मुलांच्या वीस दुधाच्या दातांसाठी पाच ते आठ हे आकडे. ही पद्धत जगभर चालते. ‘छत्तीस’ म्हणायचं नाही, ‘तीन-सहा’ म्हणायचं. माझा आणि इंग्रजीचा छत्तीसचा आकडा तिथंच जरा सैल झाला.

काही शब्द तर घरचेच निघाले. दाढेच्या मुळातल्या नळीला ‘कॅनल’ म्हणतात आणि ती औषधानं धुण्याला ‘इरिगेशन’. आता कॅनल आणि इरिगेशन आमच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला हवं का? पाटबंधारे खात्यानं ते कधीच शिकवलेत! ‘इंप्रेशन’ म्हणजे मला वाटायचं ऐट दाखवणं. इथं ते दातांचं माप निघालं. समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटची पूड पाण्यात भरभर कालवायची, अगदी भज्यांचं पीठ भिजवतो तशी, एकही गुठळी न ठेवता. दोन-तीन मिनिटांत ती घट्ट होते. पाणी गरम असेल तर त्याहून लवकर. आमच्याकडच्या मे महिन्यात पूड वाटीतच थिजायची. मी माठातलं गार पाणी वापरायला लागले आणि काम सोपं झालं. डॉक्टरबाईंनी तेवढ्यावरून माझं कौतुक केलं. मी हरखले. वर्षभरात मला वाटू लागलं, आपल्याला आलं की सगळं!

आणि तिथंच घात झाला.

एक आजी आल्या होत्या, खेड्यातल्या. दाढेला पू झालेला. फॉर्म इंग्रजीत. मी ऐटीत एकेक प्रश्न विचारत गेले. ‘‘आजी, कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’’ आजी म्हणाल्या, ‘‘नाई वो बाई.’’ मी ‘नो’ला खूण केली. डॉक्टरबाईंनी फॉर्म पाहून अ‍ॅमॉक्सिसिलीनच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. पहिल्या कॅप्सूलनंतरच आजींच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. रातोरात सरकारी दवाखान्यात नेलं, सुया दिल्या, म्हणून निभावलं. माझ्या हातापायांतलं त्राणच गेलं. संध्याकाळी मी आजींना बघायला गेले. त्या खाटेवर बसून चहा पीत होत्या. म्हणाल्या, ‘‘मागं बायंतपनात पेनिसिलीनच्या सुईनं अशाच गांधी उठल्या व्हत्या मले. पन थे तं तू इचारलंच नाई.’’

खरंच विचारलं नव्हतं! पेनिसिलीन आणि अ‍ॅमॉक्सिसिलीन एकाच घरातली भावंडं. एक सोसत नसेल, तर दुसरंही टाळावं लागतं. आजींना सगळं आठवत होतं. फक्त माझा शब्द त्यांच्या गावचा नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘चूक माझीही आहे, मी पुन्हा विचारायला हवं होतं.’’ पण त्या रात्री मला घास गिळला नाही.

दुसऱ्या दिवशी वहीत मी तिसरा रकाना आखला. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात अर्थ आणि तिसऱ्यात पेशंटला विचारायचा प्रश्न. ‘अ‍ॅलर्जी’समोर लिहिलं : कोणत्या गोळीनं, सुईनं अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, दम लागला असं कधी झालं का? ‘ब्लड थिनर’समोर : हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? ‘प्रेग्नन्सी’समोर : पाळी चुकली आहे का? हे मात्र बाजूला घेऊन हळूच विचारायचं, सासू शेजारी असताना नाही.

तुम्हीही, मैत्रिणींनो, दवाखान्यात जाताना एवढं करा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. साखर, रक्तदाब, दिवस राहिले असतील तर ते, पूर्वी सोसलं नाही ते औषध, हे कुणी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. आणि समोरच्याचा शब्द कळला नाही तर ‘नाही’ म्हणून मोकळ्या होऊ नका. ‘म्हणजे काय हो?’ एवढंच विचारा. त्यात लाज कसली?

दुकानाचं सामान आता दुसऱ्या वहीत लिहितात. ती जुनी वही दवाखान्यात, माझ्या टेबलाच्या खणात आहे. फॉर्मवर मी आजही ‘अ‍ॅलर्जी’च लिहिते, स्पेलिंगसकट बिनचूक. पेशंटला मात्र गांधींबद्दलच विचारते.